स्कर्टचे गणित
साडी अंगाप्रमाणे जुळवून घेते. तयार स्कर्ट घेत नाही. अमेरिकेत प्रत्येक ब्रँडचा ‘आठ नंबर’ निराळा, म्हणून कंबर व नितंब टेपने मोजूनच दुकानात जावे.

नितंब भारी असतील तर खाली पसरत जाणारा ए-लाइन शोभतो. हे नाव दिओरने १९५५ साली रूढ केले. पोट सुटलेले असल्यास कमरेला चुण्या नकोत. बुटक्या बांध्याला गुडघ्यापर्यंतची लांबी बरी. पाय दाखवायचा संकोच वाटत असेल तर पोटरीखालचा स्कर्टही ऑफिसात चालतो.

मी नितंबांच्या मापाने घेते. कंबर आत घेता येते, नितंबांवर सैल करायला शिलाईत कापडच नसते. खुर्चीत बसूनही पाहते.

६० डॉलरचा काळा स्कर्ट ५० वेळा घातला, तर खेपेला १.२० डॉलर, २० डॉलरचा दोनदाच घातला, तर १०. महाग कोणता?