कथा लिहिताय? आधी घरातलं बोलणं ऐका

दिवाळीच्या आधी दोन-तीन महिने माझ्या टेबलावर कथांचे गठ्ठे येऊन पडतात. स्थानिक कथास्पर्धांसाठी परीक्षक म्हणून मी ते वाचते. लिहिणारी मंडळी बहुतेक आपल्याच भागातली. कुणी खानापूरचं, कुणी निपाणीचं, कुणी शहापूर-वडगावचं. घरात मराठी, दारात भाजीवालीशी कन्नड, मुलांच्या अभ्यासाला इंग्रजी असा ज्यांचा दिवस जातो अशी ही घरं. पण कथा उघडावी तर ती थेट पुण्यातल्या फ्लॅटमध्ये घडते. नायिका सायली, मुलगा अमेरिकेत, वडील वृद्धाश्रमात, आणि शेवटच्या पानावर सगळ्यांचे डोळे पाणावलेले. वीस कथांपैकी पंधरा तरी अशाच.

या मंडळींना लिहिता येत नाही असं मुळीच नाही. याच बाई स्पर्धेच्या बक्षीस समारंभात चहा पिताना आपल्या जावेचा एखादा किस्सा सांगतात तेव्हा आजूबाजूच्या चार खुर्च्या जवळ सरकतात. मग कागदावर असं काय होतं? माझ्या मते होतं ते इतकंच, की लिहायला बसताना आपण घरची भाषा कपाटात ठेवून येतो. आपली मराठी ‘शुद्ध’ नाही हे शाळेपासून ऐकलेलं असतं. ‘येणार होतो, खरं पाऊस आला’ असं आपण रोज बोलतो, आणि पुण्याहून आलेला पाहुणा हसतो, कारण आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’ हे त्याला ठाऊक नसतं. ती लाज मनात राहते. कथेतल्या आजीच्या तोंडी मग ‘परंतु बाळा’ येतं. कुठली आजी असं बोलते?

आपल्या शेजारीच पाहा. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले. २०२४ मध्ये ते गेले. गॅरेजातली पोरं, ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया त्यांच्या लेखनात आल्या त्या निपाणीचीच बोली घेऊन. जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले आणि धारवाडला वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवत राहिले. त्यांची ‘चैत्र’ ही कथा हळदीकुंकवात झालेल्या एका अपमानावर उभी आहे. क्रांती कानडे यांनी तिच्यावर २००२ मध्ये लघुपटही केला. हळदीकुंकवाला आपल्यातलं कोण गेलेलं नाही?

कन्नडकडे पाहिलं तर गंमत आणखी वाढते. कन्नड लघुकथेचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या मास्ती वेंकटेश अय्यंगारांची घरची भाषा तमिळ. जयंत कायकिणी गोकर्णचे, घरी कोंकणी. मुंबईतल्या नोकरीच्या काळात पाहिलेल्या साध्या माणसांवर त्यांनी कन्नडमध्ये कथा लिहिल्या. आणि २०२५ मध्ये ज्यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं त्या हासनच्या बानू मुश्ताक यांच्या घरी दखनी उर्दू. बारा कथांच्या त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांनी केला. कन्नड-उर्दू शब्द त्यांनी तसेच राहू दिले, तिरप्या टाइपात वेगळे काढून दाखवले नाहीत की तळटीपा दिल्या नाहीत. दोन भाषांचं घर ही कथाकाराची अडचण असती तर यातलं काहीच झालं नसतं.

मास्तींची ‘रंगप्पाचं लग्न’ ही कथा अनेक वर्षे अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात होती. तुमच्या मुलांपैकी कुणी वाचलीही असेल. रंगा बंगळूरला इंग्रजी शिकून गावी परततो. पोरगा बिघडला की काय ते बघायला सारा गाव जमतो. तेवढ्यात एक म्हातारी पुढे होते आणि त्याच्या छातीवरून हात फिरवून जानवं शाबूत आहे का ते चाचपते. गावाला इंग्रजीची वाटणारी धास्ती मास्तींनी त्या एका हातात आणली. आपण असतो तर ‘त्या काळी समाजात परंपरा आणि आधुनिकता यांचा संघर्ष’ म्हणून अर्धं पान खर्ची घातलं असतं.

आता प्रत्यक्ष एक कथा रचून पाहू. प्रसंग आपल्या ओळखीचाच घेते. कोल्हापुरात मुलगी बघायचा कार्यक्रम आहे. पाहुणे बैलहोंगलचे, मराठीच, पण आपापसात कन्नड बोलणारे. कोल्हापुरात कन्नड कुणाला कळतंय, अशा समजुतीने मुलाची मावशी चहाचा कप हातात घेता घेता बहिणीला म्हणते, ‘हुडुगी कप्प अदाळ.’ मुलीच्या आजीचं माहेर मात्र गोकाक. लग्न होऊन कोल्हापूरला आली आणि चाळीस वर्षं तिची भाषा तोंडातल्या तोंडात राहिली. तिला सगळं कळतं. ती गप्प बसते.

एवढं सुचलं की पुष्कळजण आजीच्या जन्मापासून सुरुवात करतात. गोकाकचा धबधबा, बालपण, लग्न, सासुरवास. पाहुणे येईपर्यंत चार पानं संपतात आणि वाचकही. ही कथा अर्ध्या तासाची आहे. चहा ठेवण्यापासून कप विसळेपर्यंत. चाळीस वर्षं त्यात आपोआप येतील, पण मागच्या दाराने.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आजीला कन्नड येतं हे वाचकाला कधी कळू द्यायचं? शेवटी कळलं तर धक्का बसतो, वाचक ‘वा!’ म्हणतो आणि विसरतो. मी ते सुरुवातीलाच सांगेन. स्वयंपाकघरात आजी आधणात साखर घालते आणि मोजते, ‘ओंदु, एरडु, मूरु…’ बस. आपल्या वाचकाला ते लगेच कळेल. त्यानंतर बाहेरच्या खोलीतलं प्रत्येक कन्नड वाक्य वाचक आजीच्या कानाने ऐकेल आणि आता ही बोलते की काय म्हणून कासावीस होईल. धक्का क्षणभर टिकतो, हा ताण पानभर पुरतो.

मावशीच्या वाक्याचा अर्थ कंसात द्यायचा नाही. ज्याला कन्नड येतं त्याचा तो अपमान आहे, आणि ज्याला येत नाही त्याला आजीच्या हातातली बशी किंचित हलली एवढ्यावरून पुरेसं कळतं. उलट न कळणारा वाचक त्या खोलीत नातीच्या जागी बसतो. तेही हवंच आहे.

शेवट कुठे करायचा? हाताशी एक झकास शेवट आहे. पाहुणे निघतात, चपला घालतात, आणि आजी दारात हात जोडून अस्सल गोकाकी सुरात म्हणते, ‘निधानक्क होगी बर्री.’ मावशीचं तोंड पाहण्यासारखं होतं. वाचक टाळ्या वाजवतो. सभेत वाचायची असेल तर इथेच थांबा, मी अडवणार नाही. पण मला विचाराल तर यात आजी जिंकते आणि नात कथेतून निघून जाते. ज्या मुलीबद्दल ते वाक्य होतं तिचं काय?

म्हणून आजीला दारात गप्पच ठेवू. पाहुणे गेल्यावर दोघी मोरीवर कप विसळताहेत. नात विचारते, ‘आजी, त्या मावशी काय म्हणत होत्या गं?’ इथे खरी कथा आहे. इतका वेळ आजीला स्वतःला आवरायचं होतं. आता ते शब्द आपल्याच तोंडाने नातीला सांगायचे की नाही हे ठरवायचं आहे, आणि तेही आपल्या माहेरच्या भाषेतले शब्द. आजी म्हणते, ‘चहात साखर जास्त झाली म्हणत होत्या.’ नातीने सकाळी साखर मोजताना ऐकलेलं असतं. ती काही बोलत नाही, कप पालथा घालते. संपली कथा. लग्न जमलं का, मावशीने माफी मागितली का, हे लिहायचं नाही. विचारू देत वाचकांना.

सांगण्यासारखं आणखी थोडंच आहे. ही कथा आठ-नऊशे शब्दांत बसते, दोन हजारांपर्यंत ताणायची गरज नाही. निवेदन तुम्हाला जमेल त्या मराठीत करा, प्रमाण मराठीतही चालेल, पण संवादाला हात लावू नका. कन्नड चवीपुरतंच. प्रत्येक ओळीत ‘हौदु’ आणि ‘इल्ला’ पेरलं की ते नाटकातल्या कानडी आप्पासारखं हास्यास्पद होतं, आणि त्या आप्पाला आपण पुष्कळ हसलो आहोत. नात्यांच्या हाका मात्र नीट पाहा. आपल्याकडे सासूला आत्या म्हणतात, कन्नडमध्ये अत्ती, आणि दोन्हीकडे बापाची बहीणही तीच. सख्खी आत्याच सासू झालेल्या घरात सून एके दिवशी ‘आत्या’ऐवजी ‘सासूबाई’ म्हणाली, तर भांडणाचं वर्णन वेगळं करावं लागत नाही.

ओळखीच्या माणसांवर लिहावं का, असं बायका हमखास विचारतात. लिहा, पण गाव बदला, नातं बदला, दागिना बदला. जाऊ ओळखेल ती नावावरून नव्हे, तिच्या बोलण्याच्या लकबीवरून. तेवढी एक लकब दुसऱ्या कुणाची तरी उसनी घ्या.

आणि स्पर्धेला पाठवण्याआधी कथा घरात मोठ्याने वाचून दाखवा. नवऱ्याला नको, तो ‘छान आहे’ म्हणून पेपर उघडेल. घरात आज्जी असेल तर तिला, नसेल तर शेजारच्या अक्कांना. मधेच त्या म्हणतील, ‘असं कोण बोलतंय गे?’ हातात पेन्सिल ठेवा आणि तिथे खूण करा.