हिंव आणि भाजीची बाग

आपल्या महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रांतांत थंडीनें पिकें मरतात असें सांगितलें, तर पुष्कळांस तें खरें वाटत नाहीं. परंतु पठारावर ज्यांची शेती किंवा बाग आहे, त्यांस ही गोष्ट नवी नाहीं. संध्याकाळीं हिरवीगार दिसणारीं टोमॅटोचीं व घेवड्याचीं झाडें दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत काळीं पडून माना टाकतात, आणि तीन महिन्यांची मेहनत एका रात्रींत वायां जाते. ज्या घरचा भाजीचा खर्च, किंबहुना मुलांची फी, त्या वाफ्यांवर अवलंबून असते, त्या घरास हें नुकसान लहान नव्हे. म्हणून हिंव म्हणजे काय, तें केव्हां पडतें व त्याच्या बेतानें लागवड कशी करावी, याचा थोडा विचार येथें करूं.

दिवसा सूर्यापासून मिळालेली उष्णता जमीन रात्रीं आकाशाकडे सोडीत असते. आभाळ आलेलें असल्यास ढग पांघरुणाप्रमाणें ती अडवितात. वारा असल्यास वरची उबदार हवा खालीं येऊन मिसळते. पण आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी आणि रात्र लांब, या चारही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जमिनीलगतची हवा झपाट्यानें निवते. मग पानांवर दंवाऐवजीं बर्फाचा पांढरा थर बसतो; यालाच हिंव म्हणतात. पानाच्या आंत पेशींच्या बाहेरील पाणी गोठूं लागलें कीं तें पेशींतील पाणी ओढून घेतें. पेशी आकसून निकामी होतात आणि पान मरतें.

१७ जानेवारी १९३५ रोजीं पुण्यास पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. येथें कोणी विचारील कीं, पाणी तर शून्य अंशावर गोठतें, मग इतक्या थंडींत हिंव कसें पडेल? याचें उत्तर असें कीं, वेधशाळेचें उष्णतामापक यंत्र जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर, झडपांच्या लांकडी पेटींत ठेविलेलें असतें. शांत व निरभ्र रात्रीं गवताच्या पात्याजवळची हवा त्याहून कित्येक अंशांनीं अधिक थंड असते. म्हणून वर्तमानपत्रांत तीन अंश वाचले, तरी आपल्या वाफ्यांत हिंव पडलें असण्याचा संभव आहे.

थंड हवा जड असल्यामुळें पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि सखल जागीं सांचते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरांत गवतावर व स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर गोठलेलें दंव हिवाळ्यांत पुष्कळदां दिसतें, तें याच कारणानें. तेव्हां नाजूक भाज्या ओढ्याच्या कांठीं किंवा खळग्यांत न लावतां जरा उंचवट्यावर लावाव्या.

आतां लागवडीच्या वेळेविषयीं. इंग्लंडांतील बागवान वसंतांतील शेवटच्या हिंवाची सरासरी तारीख पाहतो आणि मेअखेरच्या सुमारास टोमॅटो उघड्यावर लावतो. तेथें हिंव दरवर्षीं यावयाचेंच. तें संपेपर्यंत थांबण्यावांचून गत्यंतर नाहीं. आपल्याकडे तो हिशेब चालत नाहीं. येथें कित्येक वर्षें हिंव पडतच नाहीं, आणि एखाद्या वर्षीं अवचित पडतें. त्याच्या भीतीनें थंडीभर वाफे रिकामे ठेविले, तर अधिकच नुकसान. कारण भाज्यांचा उत्तम हंगाम आपल्याकडे हिवाळाच होय. पुढें कडक उन्हाळ्यांत, दिवस तापूं लागले व रात्रीही उष्ण झाल्या कीं टोमॅटोचीं फुलें गळतात. एका बाजूस हिंव व दुसऱ्या बाजूस ऊन, यांच्या मधून आपणांस बाग न्यावयाची आहे.

यासाठीं डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस धोक्याचे धरावे, आणि त्या दिवसांत पीक कोणत्या अवस्थेंत असेल, हें मागें मोजून ठरवावें. टोमॅटोचें रोप तयार होण्यास सुमारें चार आठवडे, व लावणीपासून फळ पिकण्यास दोन-अडीच महिने लागतात. ऑगस्टच्या आरंभीं बीं पेरलें, तर नोव्हेंबरांत तोडा सुरू होऊन बरेंचसें पीक हिंवापूर्वीं घरांत येतें. दुसरी पेरणी डिसेंबरअखेर झांकलेल्या वाफ्यांत करून रोपें फेब्रुवारींत लावावीं. वाटाण्याचें पान थंडी सोसतें, पण फूल व कोवळी शेंग सोसत नाहीं. म्हणून लवकर येणारी जात ऑक्टोबरच्या आरंभीं पेरावी. कोबी, मुळा, गाजर, पालक, कांदा व लसूण यांस हलक्या हिंवानें फारशी इजा होत नाहीं. नाजूक रोपें मात्र एकाच दिवशीं न लावतां पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन-तीन वेळां लावावीं, म्हणजे एक लावणी गेली तरी दुसरी हातीं राहते.

कडाका पडणार असें दिसतांच वाफ्यांस दुपारीं पाणी द्यावें. ओली जमीन अधिक उष्णता सांठविते व रात्रीं ती हळूहळू सोडते. सायंकाळीं काठ्या रोवून रोपांवर गोणपाट किंवा जुनें धोतर असें घालावें कीं त्याच्या कडा जमिनीस टेकतील, व सकाळीं ऊन वर येतांच तें काढावें. रोपांखालीं मात्र वाळलेलें गवत पसरूं नये. त्यानें जमिनीची ऊब वर येण्यास अडथळा होतो. करपलेल्या फांद्याही लगेच छाटूं नयेत. थंडी सरल्यावर झाड कोठवर जिवंत आहे हें कळतें, तेव्हां छाटाव्या.

आमच्या विद्यार्थ्यांनीं या हिवाळ्यांत एक वही घालावी. रोज सकाळीं आकाश कसें होतें, वारा होता कीं नाहीं, गवतावर दंव होतें कीं हिंव, आणि कोणत्या रोपास काय झालें, एवढें लिहावें. पालकांनींही आपल्या आठवणींतील थंडीचीं वर्षें त्यांत लिहून द्यावीं. पांच-सात वर्षांत त्या वहींतून आपल्याच बागेचें पंचांग तयार होईल, आणि पुढच्या वर्गांतील मुलांस पेरणीचा दिवस ठरवितांना त्याचा उपयोग होईल.