मार्चमधली तुंगनाथची वाट

मार्चअखेर उत्तराखंडात चोपत्याला पोहोचलं की बुरांशाची झाडं लाल फुलांनी भरलेली दिसतात आणि थंडी सरली असं वाटतं. पण चोपता आहे सुमारे २,७०० मीटरवर आणि तुंगनाथाचं मंदिर सुमारे ३,६८० मीटरवर. वाट जेमतेम चार किलोमीटर, पण खाली चिखल आणि वर बर्फ.

मार्चमध्येही तुंगनाथाचे देव हिवाळी मुक्कामी मक्कूमठ गावात असतात, मंदिर बंद असतं. वाटेवरच्या चहाच्या टपऱ्याही बहुधा बंदच, म्हणून पाणी आणि खाऊ सोबत घ्यावा.

निघायचं पहाटे. रात्रीच्या थंडीनं बर्फाचा वरचा थर आवळून आलेला असतो, तो आपलं वजन पेलतो. ऊन चढलं की हाच थर साखरेसारखा सुटतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. 'आरामात नाश्ता करून निघू' हा बेत इथेच फसतो.

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण पायाला दोन वेगळे बर्फ भेटतात. भुसभुशीत हिमात पाय रुततो. खरा धोका दुसऱ्याचा. वाट दगडी फरसबंदीची आहे. दुपारी वितळलेलं पाणी फरश्यांवरून वाहतं आणि रात्री गोठून काचेसारखं बसतं. पहाटे बॅटरीच्या उजेडात ती फरशी नुसती ओली दिसते. सह्याद्रीत ओल्या कातळावर बुटांवर भरवसा ठेवायची आपली सवय असते. इथे उत्तम तळव्यालाही धरायला काही नसतं.

त्यासाठी मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर ओढून बसवायची, साखळीला लोखंडी दाते असलेली रबरी पट्टी. भाड्यानं घेतली तर आपल्याच बुटावर चढवून पाहावी. बरेच जण एकदा घसरल्यावर ती पिशवीतून काढतात. ती सपाटीवरच चढवावी. उतारावर एका पायावर उभं राहून ते जमत नाही.

चढताना बुटाचं टोक बर्फात दोन-तीनदा ठोकून पायरी करावी, मगच भार द्यावा. उतरताना बर्फ मऊ असेल तर टाच आधी रोवावी आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत.

खडक आणि झुडपांना खेटून चालू नये. ती उन्हानं तापतात, भोवतीचा बर्फ आतून पोकळ होतो. पाय अडकलाच तर हिसका देऊ नये, गुडघा पिरगळतो. शांतपणे खाली बसावं, हातांनी बुटाभोवतालचा बर्फ उकरावा आणि पाय सरळ वर काढावा.

गॉगल ढगाळ हवेतही हवाच; बर्फावरून परतणाऱ्या प्रकाशानं डोळे पोळतात. जीन्स मात्र नको, सुती कापड भिजलं की अंगातली ऊब ओढून घेतं.

मंदिरापुढे चंद्रशिला शिखराचा चढ तीव्र आहे आणि फरसबंदी नाही. मंदिरापर्यंत पोहोचेतोवर पाय रुतू लागले असतील, तर तिथूनच परतावं. शिखर राहिल्याची हळहळ मला कळते, तरीही हेच सांगेन.

परतताना खालचा चिखल लागतो. तो चुकवायला आपण कडेच्या गवतावर चढतो, पण बर्फाखालून नुकत्याच निघालेल्या त्या गवताची मुळं कोवळी असतात; ती तुडवली जातात आणि वाट दरवर्षी रुंदावते. मधूनच, चिखलातूनच चालावं. बूट धुता येतात.

मुक्कामी ते बूट शेकोटीशी ठेवू नयेत, तळव्याचा डिंक सुटतो. आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत आणि झोपण्यापूर्वी एकदा बदलावेत.