धुळीचं दार, पाण्याचं दार

सकाळी साडेपाच. नवतपा सुरू आहे. दुपारी चंद्रपुरात पान्याला हात लावता येत नाही, म्हणून बारीक काम उन्हाआधी उरकायचं. त्यात आज मंगळवार. ताडोबाचा कोअर बंद, म्हणून मोहर्लीकडच्या सफारीच्या जिप्स्या आज गॅरेजात.

सहा. पहिल्या गाडीचा चालक उतरता उतरताच सांगतो, "भाऊ, दार आदळल्याशिवाय लागतच नाही जी." मी लॅचकडे बघतही नाही. दार अर्धं उघडतो, टोकाला धरून वर उचलून बघतो. हललं, म्हणजे दोष बिजागरीचा. जिप्सीच्या बिजागऱ्या बाहेरच असतात. पिन झिजली की दार खाली बसतं आणि लॅच चौकटीवरच्या स्ट्रायकरला चुकीच्या जागी धडकतो. मग चालक जोरात आदळतो, त्यानं स्ट्रायकर सरकतो, मग आणखी जोरात. आधी बिजागरी, मग स्ट्रायकर, लॅच शेवटी. काही मिस्त्री स्ट्रायकरच ठोकून खाली आणतात. दार लागतं, पण पिन झिजतच राहते.

सात. नवी पिन बसली, आता लॅच. याचे स्क्रू जपानी धाटणीच्या चौफुलीचे. साधा पेचकस घसरून डोकं खातो, म्हणून टोक नीट बसणारा वेगळा ठेवलाय. लॅच डिझेलमध्ये टाकला आणि ब्रश फिरवला, तर काळा लगदा निघाला. कुणीतरी मायेनं ग्रीस भरलंय. त्यात जंगलातल्या कच्च्या रस्त्याची धूळ बसली की ग्रीसची कानस होते. आतली रचना तशी साधी : स्ट्रायकरला धरणारा पंजा, त्याला अडवणारी खिट्टी आणि स्प्रिंगा. पंजाला दोन खाचा असतात. पहिल्या आवाजाला दार अडकतं, दुसऱ्याला बंद होतं. खिट्टी जड झाली की काम पहिल्या खाचेवरच थांबतं. बघणाऱ्याला दार बंद दिसतं आणि खड्ड्यात उघडतं. सफारीच्या गाडीत असलं दार मी सोडत नाही, चालकानं कितीही घाई केली तरी. कॉम्प्रेसरनं वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब फक्त सांध्यांवर, वरचं फडक्यानं टिपलेलं. ग्रीस नाही.

नऊ. तर्री-पोहे. हाताखालचा पोरगा विचारतो, एवढं धूत बसण्यापेक्षा नवा लॅच का टाकत नाही? कारण १९८५ मध्ये आलेली जिप्सी मारुतीनं आता बंद केलीय. बाजारात मिळणाऱ्या नकली लॅचचा पंजा मऊ असतो, महिन्या-दोन महिन्यांत कडा गोल होतात. जुना धुतलेला मला जास्त भरवशाचा वाटतो.

दहा. आलापल्लीहून आष्टी-गोंडपिपरी मार्गे एक हार्डटॉप जिप्सी आलीय. हिचं दुखणं उलटं. ही धुळीनं नाही, पाण्यानं बिघडलीय. गडचिरोलीतला पावसाळा दारात शिरून बसतो. चावी अर्धी फिरते आणि अडते. आतलं पॅनल काढलं, हँडलमागची घोड्याच्या नालेसारखी क्लिप ओढली, कुलपाचा सिलिंडर हातात आला. खाली पांढरं फडकं अंथरल्याशिवाय तो उघडायचा नाही. आतल्या पितळी पट्ट्यांच्या स्प्रिंगा उडाल्या की संध्याकाळपर्यंत शोधत बसा. पट्ट्या निघतील त्याच क्रमानं मांडल्या. रोजची चावी इतकी झिजलीय की तिनं पट्ट्या पुरत्या आत जात नाहीत. मालकानं घरून जुनी, न वापरलेली चावी आणलीय, नशीब. नवी नक्कल तिच्यावरूनच काढायची. झिजलेल्या चावीची नक्कल म्हणजे झीजच नव्यानं कापून घेणं. सिलिंडर जोडताना तेल नाही, पेन्सिलीच्या शिशाची पूड.

बारा ते चार शटर खाली.

चार. कुलूप चालतंय, पण गंज आला कुठून? काचेची रबरपट्टी कडक झालीय, पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद फाटलाय. हे तर निम्म्या जुन्या गाड्यांत असतं. खरं कारण दाराच्या तळाशी सापडलं : पाणी जायची भोकं सागाच्या पानांच्या भुग्यानं आणि चिखलानं बुजलेली. काचेवरून आत उतरलेलं पाणी दारातच साठायचं, वाफ होऊन लॅच आणि कुलपाला लागायचं. तार घातली, भोकं मोकळी केली, नवा प्लास्टिक कागद लावला. गंजलेल्या रॉडांच्या क्लिपा बदलल्या. रॉड किंचित लांबीला जास्त झाला तर हँडल सोडल्यावरही खिट्टी ओढलेलीच राहते, म्हणून काच खालीवर करत, हँडल ओढून सोडत पुन्हा पुन्हा बघितलं.

सहा. मालकाला निघायची घाई. आष्टीचा पूल उजेडात गाठायचाय. त्याला सांगितलं, मागच्या दाराचं भोकही पावसाआधी तारेनं मोकळं करा, घरीच होतं.

"सगळं घरीच करू, तं तुमच्याकडे कशाला येऊ जी?"

"हँडब्रेकसाठी या. मघापासून तुमच्या चाकाला दगड लावून ठेवलाय."