वस्तऱ्याचा दगड

गुळगुळीत दाढीचे श्रेय आपण वस्तऱ्याला देतो. फार तर न्हाव्याच्या हाताला. या दोघांची अब्रू राखणारा दगड मात्र धोकटीच्या तळाशीच राहतो. आमच्या इंदुरात त्याला हिंदी वळणाने सिल्ली म्हणतात. मी आजही वस्तऱ्यानेच दाढी करतो, आणि अनुभवाने सांगतो की, चांगल्या दगडावर साधा वस्तराही गुणाला येतो; पण वाईट दगड सोलिंगेनच्या उंची वस्तऱ्याचेही मातेरे करतो.

वस्तऱ्याची घडण मोठी चतुर आहे. तो दगडावर आडवा ठेवला की जाड पाठ आणि पातळ धार दोन्ही टेकतात. धारेचा कोन पाठच ठरवून देते. सुरी किंवा विळी घासताना कोन हाताने सांभाळावा लागतो. ती कटकट इथे नाही. दगडावर धार पुढे चालावी, चामड्याच्या पट्ट्यावर मागे, आणि कूस बदलायची ती पाठीवरून. जोर मुळीच द्यायचा नाही. पण हे सारे एका अटीवर: दगड सपाट हवा. तो मध्ये खोलगट झाला असेल तर धारेची टोके टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो.

निवडीचे म्हणाल, तर कारखान्यातले दगड आकड्याने ओळखतात. आकडा मोठा तितका दगड बारीक. बोथट वस्तऱ्याला १०००, मग ४०००, शेवटी ८००० हा क्रम पुरतो. निसर्गाच्या दगडांत बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल नामांकित. त्याच्या अंगी गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात. त्याचा थर इतका पातळ निघतो की, बहुधा पाटीच्या दगडाचा आधार देऊनच तो विकतात. त्याच जातीच्या लहान तुकड्याने त्यावर पाणी घालून दुधासारखा लगदा उठवावा, घासता घासता थेंबाथेंबाने तो पातळ करावा आणि अखेर स्वच्छ पाण्यावर हात फिरवावा. एकच दगड भरड काम करतो आणि बारीकही. जपानात क्योतोजवळच्या खाणींचे दगड असेच मानाचे. अमेरिकेतल्या आर्कान्साचा कठीण दगड बहुधा तेलावर चालवतात. एकदा तेल पाजलेल्या दगडावर पुन्हा पाणी नीट धरत नाही, म्हणून तेल की पाणी हे आधीच ठरवावे.

आता निगा. दुसऱ्याला सरळ करणारा हा गुरू स्वतः वाकडा होत जातो. दिव्याखाली अंधार तो हाच! उपाय सोपा आहे. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात. जाड काचेवर पाण्यात चालणारा पॉलिशपेपर ठेवून त्यावर दगड ओला करून घासावा. रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. कडा किंचित मोडून घ्याव्यात, नाहीतर त्याच धारेला खरचटतात. काम झाल्यावर धुऊन सावलीत वाळवावा. उन्हात तडकण्याची भीती. आणि जो दगड बारीक कामाचा, त्यावर भरड दगडाचा एक कणही राहू देऊ नये.

सलूनात हल्ली पाते मोडून अर्धे वस्तऱ्यात बसवतात आणि दर गिऱ्हाइकामागे बदलतात. रोगाचा संसर्ग टाळायला ते योग्यच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या पात्याला धार लावायचीच नसते, म्हणून दगडाचे काम संपले आणि दगडाबरोबर दगडाची जाणही संपत चालली. जुन्या वाड्यांतून असे कितीतरी दगड कोनाड्यांत पडून आहेत. कोणी त्यावर विळी घासतो, कोणी तो दारात अडणी म्हणून लावतो. तेवढे करू नका. दगड धुऊन सपाट करा, एखादे जुने पाते त्यावर दहा-वीस वेळा फिरवा आणि भिंगातून बघा. खोल ओरखडे दिसले तर तो विळीचाच दगड. पण ओरखड्यांऐवजी नुसती धुकट झळाळी आली, तर तो वस्तऱ्याचा. तो फडक्यात गुंडाळून जपा. वाड्यात ज्याने तो वर्षानुवर्षे वापरला, त्याच्या हाताची सवय त्याच्याबरोबर गेली; दगड तेवढा अजून कामाला तयार आहे.