झटका मशीन तपासायचंय? मग ऑसिलोस्कोप घेताना आधी मेगाहर्ट्झ नाही, व्होल्ट बघा

चंद्रपूर-गडचिरोलीत धान भरात आलं की धुऱ्यावर झटका मशीनची टकटक सुरू होते. रानडुक्कर आणि रोही बांधीत शिरू नयेत म्हणून. मशीन बिघडलं, की गावातला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेला कुणीतरी मल्टिमीटर लावतो आणि आकडा नुसता नाचत राहतो. यात मीटरचा दोष नाही. झटका साधारण सेकंदाला एकदा येतो आणि बहुतेक मशीनमध्ये एका मिलिसेकंदाच्याही आत संपतो. साध्या मीटरला तो पकडताच येत नाही.

ऑसिलोस्कोप पकडतो. व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं, याचा आलेखच तो पडद्यावर काढतो. झटका मशीन आणि कुंपणाला थेट लाइन जोडणं यातला फरकही आलेखावरच कळतो. मशीनचा आलेख म्हणजे एक टोक आणि मग सेकंदभर सपाट रेषा. तेवढ्यात जनावर मागे सरतं. घरच्या लाइनची लाट मात्र सेकंदाला ५० वेळा, न थांबता चालू असते. एप्रिल २०१७मध्ये नागभीड तालुक्यात रेडिओ कॉलर लावलेला श्रीनिवास वाघ अशाच करंट सोडलेल्या तारेने गेला. अशा तारांनी माणसंही मरतात.

मग स्कोप कोणता घ्यायचा? दुकानदार आधी बँडविड्थ सांगतो. ढोबळ नियम असा, की चौकोनी सिग्नल नीट दिसायला स्कोपची बँडविड्थ सिग्नलच्या किमान पाचपट हवी. डीएसओ १३८ हा स्वतः सोल्डर करायचा स्वस्त किट २०० किलोहर्ट्झपर्यंत चालतो आणि सेकंदाला १० लाख नमुने घेतो. ऑर्डिनोचा ४९० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम किंवा ९६०० बॉडचा सिरीयल डेटा यावर आरामात दिसतो. १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल दिसणार नाही. त्यासाठी बेंचवरचा ५० ते १०० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनलचा स्कोप लागतो आणि बजेट कितीतरी पटींनी वाढतं. झटका मशीनपुरतं बघाल तर स्वस्त किटचा वेग पुरतो.

अडचण वेगळीच आहे. या किटचा इनपुट ५० व्होल्टपर्यंतच सहन करतो आणि कुंपणाच्या तारेवर काही हजार व्होल्ट असतात. साधा १०एक्स प्रोबही तिथे टिकत नाही. त्यामुळे स्कोप तारेला लावायचाच नाही. तिथे कुंपणाचा टेस्टर वापरायचा. स्कोप लावायचा तो मशीनच्या आतल्या १२ व्होल्टच्या टायमर सर्किटवर. बिघाड तिथे असेल तर तो इथेच सापडतो.

घरच्या लाइनलाही हाच नियम. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टला पोचतं. शिवाय बेंच स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती चुकून फेजला लागली की शॉर्ट झालाच. बॅटरीवरच्या स्कोपमध्ये हा शॉर्ट टळतो, पण त्याचे धातूचे भाग जिवंत होतात. त्यामुळे तोही लाइनला लावू नका.

घेण्याआधी ट्रिगरमध्ये ‘नॉर्मल’ आणि ‘सिंगल’ हे मोड आहेत का, तेवढं बघा. ‘ऑटो’वर ठेवला तर सेकंदातून एकदा येणारा सिग्नल डोळ्यांसमोरून निसटतो. आणि मशीन उघडण्याआधी बॅटरी काढा, मग मोठा कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करा. बंद मशीनमध्येही त्यात शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.