मंगळावरची महादरी

पुण्याहून पौड-मुळशीमार्गे कोकणात उतरताना ताम्हिणी घाट लागतो. तेथे एस.टी.च्या खिडकीतून समोरच्या कड्याकडे पाहा. वह्यांची चळत रचावी तसे आडवे थर दिसतील. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वरचेवर लाव्हारस पसरून थिजला, त्याचे हे थर. पुढे पावसाने व ओढ्यांनी ते चिरले आणि दऱ्या झाल्या.

मंगळाच्या विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस अशीच थरांच्या भिंतींची एक दरी आहे. तेथील थरही बहुतांशी लाव्हारसाचेच असावेत. पण तिचा आकार! लांबी सुमारे ४,००० कि.मी., म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी अंतराहूनही अधिक. खोली काही ठिकाणी ७ कि.मी. आपले कळसूबाई (१,६४६ मीटर) एकावर एक चार ठेवले तरी ते तिच्यात बुडून जाईल.

'मरिनर-९' हे यान नोव्हेंबर १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा सारा ग्रह धुळीच्या वादळाने झाकला होता. धूळ बसल्यावर ही दरी दिसली. यानावरूनच तिला 'व्हॅलिस मरिनेरिस' हे नाव पडले. आपल्या मंगळयानानेही तिच्या काही भागांची छायाचित्रे पाठविली.

एवढी दरी कोणत्या महानदीने कोरली? हा प्रश्न साहजिक आहे, पण तो आपल्या घाटाच्या सवयीतून येतो. ताम्हिणीतून कोकणाकडे उतरणारा ओढा धरून खाली चालत राहा. दरी रुंदावत जाते, बाजूचे ओढे येऊन मिळतात, आणि अखेर अरबी समुद्र येतो. नदीच्या दरीला तोंड असतेच. खोदलेली माती नदीला कोठेतरी वाहून न्यावी लागते ना!

आता या महादरीच्या उत्तरेला लागून असलेली 'हेबीस' ही दरी घ्या. लांबी सुमारे ३०० कि.मी., खोली काही कि.मी., आणि चारही बाजूंनी बंद! पाणी तेथून बाहेर जाणार कसे? तेव्हा हे मुख्यतः नदीचे काम नव्हे. पश्चिमेस थार्सिस नावाचा ज्वालामुखींचा प्रचंड उंचवटा आहे. तो वाढत असताना मंगळाचे कवच ताणले गेले, त्याला भेगा पडल्या व मधली जमीन खचली. हे सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी सुरू झाले. नंतर दरडी कोसळून भिंती मागे हटत गेल्या. पावसाळ्यात मुळशीकरांना दरड कोसळणे नवे नाही. मात्र तिथल्या काही दरडींचा ढिगारा कित्येक कि.मी. दूर पसरलेला आहे.

पाण्याचा हात तेथे अगदीच नाही, असे मात्र नव्हे. दरीच्या पूर्व टोकापासून उत्तरेकडे मोठमोठे कोरडे प्रवाहमार्ग जातात. ते मात्र पाण्याच्या प्रचंड लोंढ्यांनी खोदलेले आहेत, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.